उन्हातून आलेल्या कपाळावर लगेच थर्मामीटर गन धरू नका

पत्र:

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही नंदनवनला वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात त्याचा छंदवर्ग साडेबाराला सुटतो. एके दिवशी स्कूटीवरून घरी आणलं तर चेहरा लाल आणि कपाळ नुसतं भाजत होतं. कपाळाला न टेकवता ताप मोजणारी थर्मामीटर गन धरली, १०१.४ आला. घाबरून तापाचं औषध पाजलं. सासूबाई म्हणाल्या, "उन्हानं डोक्सं तापलं त्याचं, ताप नोय तो." अर्ध्या तासानं पाहिलं तर ९८.२. औषधानं उतरला की आधीपासून नव्हताच?

आठ दिवसांनी उलटंच झालं. रात्री लेकरू कण्हत होतं, अंग गरम लागत होतं. कूलर समोर होता, मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. गन मात्र ९७.१ दाखवत होती, म्हणून मी निवांत झोपले. सकाळी डॉक्टरांकडे काखेत लावलं तर १०२.८! तेव्हापासून माझा मलाच राग येतो. त्यातच वर्गाच्या गेटवर चौकीदारानं एकदा गन धरून त्याला "ताप आहे" म्हणून परत पाठवलं. घरी आल्यावर काहीच नव्हतं. आमची गन खराब आहे का? महागाची घेऊ का?

– एक आई, नागपूर

उत्तर:

ताई,

आधी त्या रात्रीबद्दल बोलतो, कारण तुमचा जीव तिथेच अडकलेला दिसतो. तुमचा हात सांगत होता की अंग गरम आहे. गन म्हणत होती, नाही. तुम्ही गनचं ऐकलं. कोणत्याही आईनं ऐकलं असतं, आकडा दिसला की हाताचं म्हणणं मागे पडतं. ही गन कधी चुकते, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानदार सांगत नाही आणि डबीतला कागद इतक्या बारीक अक्षरांत असतो की कुणी वाचत नाही. म्हणून राग सोडा. तुमचा हात त्या रात्री बरोबर होता.

मी तीस वर्षं इस्पितळांतली यंत्रं दुरुस्त केली, त्यांची मापं जुळवून दिली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. थर्मामीटरचं मात्र खात्रीनं सांगू शकतो. तुमची गन बहुधा धड आहे. दोन्ही वेळा तिच्यासमोर जे होतं तेच तिनं मोजलं. पहिल्या वेळी समोर ऊन होतं, दुसऱ्या वेळी ओली पट्टी आणि कूलरचा वारा.

तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, म्हणजे गन कशी चालते हे तुम्हाला अनुभवानं ठाऊक आहे. मे महिन्यात रात्री नऊ वाजता गच्चीवर जा. ऊन केव्हाच गेलेलं असतं, तरी कठड्यापासून वीतभर लांब धरलेल्या तळहाताला आच लागते. हात टेकवावा लागत नाही. ती आच म्हणजेच अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण पारा तिथेच सगळ्यात वर चढला. कठडा, माठ, तुमच्या मुलाचं कपाळ, प्रत्येक वस्तू अशी आच टाकत असते. गन ती नुसती गोळा करते. तिच्यातून कपाळात काही जात नाही, हेही सांगून ठेवतो. "मेंदूला किरणं लागतील का" असं अजूनही लोक काळजीनं विचारतात.

पण ही आच येते कुठून? कातडीच्या अगदी वरच्या थरातून. कागदाच्या जाडीइतकंही आतलं गनला दिसत नाही. रक्त किती गरम आहे, हे तिला कळतच नाही. साध्या खोलीत बसलेल्या निरोगी माणसाचं कपाळ साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असतं आणि शरीराच्या आत ३७ च्या आसपास. मधले दोन-तीन अंश गन स्वतःच्या हिशेबानं मिळवते. कपाळ ३४ ला असेल तर माणूस ३७ ला असणार, असं गणित तिच्यात भरलेलं आहे. हे गणित पंचवीसेक अंशांच्या, ऊन-वारा नसलेल्या खोलीसाठी मांडलेलं असतं. मे महिन्यातली दुपारी एकची स्कूटी त्यात धरलेलीच नाही.

आता तुमचा पहिला आकडा पाहू. दुपट्टा बांधून, हेल्मेटखाली, भर उन्हात वीस मिनिटं आलेल्या लेकराचं कपाळ ३६.५ अंशांपर्यंत सहज जातं. गननं सवयीप्रमाणे त्यात दोन अंश मिळवले की झाले ३८.५, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये १०१.३. तुमच्या १०१.४ च्या अगदी जवळ. अर्ध्या तासात कपाळ निवलं आणि आकडा ९८.२ वर आला. तापाचं औषध पोटात जाऊन अर्ध्या तासात सव्वातीन अंश उतरवणं कठीण आहे. सासूबाई बरोबर होत्या, डोकं तापलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांगा. वजनाच्या हिशेबानं दिलेल्या एका मापानं सहसा काही बिघडत नाही, पण नुसत्या गनच्या आकड्यावर दर सहा तासांनी औषध पाजत राहणं बरं नाही.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर आहे. तो नागपुरात घरोघरी घडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आपण कपाळावर पट्टी ठेवतो आणि पट्टी उचलून तिथेच गन धरतो. आकडा उतरलेला दिसतो, जीव भांड्यात पडतो. पण गननं मोजलं ते ओल्या कपाळावरचं पाणी. पाण्याचा पातळ थरही कातडीची आच अडवतो आणि त्यावर कूलरचा वारा लागला की पाणी उडताना कपाळ गार करत जातं, माठ गार होतो तसंच. आत १०२ ताप असलेलं लेकरू बाहेरून ९७ दिसतं. घामाचंही तेच. थंडी वाजून ताप चढत असतो तेव्हा आणखी एक गोष्ट होते: कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय आणि कपाळ गार लागतं आणि आत ताप वाढत असतो. अशा वेळी कपाळावरची गन तासभर मागे राहू शकते.

म्हणून आकडा जास्त आला आणि लेकरू खेळतंय, तर घाबरू नका, थांबून पुन्हा मोजा. आकडा कमी आला आणि लेकरू मलूल आहे, तर आकड्यावर मुळीच विसंबू नका. या दोन चुकांतली दुसरी महागात पडते.

कपाळाचं झालं. आता गनच्या स्वतःच्या अंगाचं, कारण उन्हाळ्यात गडबड तिथेही होते. गनच्या तोंडाशी वाटाण्याएवढी काच दिसते. तिच्यामागे बारीकसा सेन्सर असतो, थर्मोपाइल म्हणतात त्याला. त्याला समोरच्या वस्तूचं तापमान थेट कळत नाही. समोरची आच आपल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी आहे, एवढंच कळतं. मग गन त्यात स्वतःच्या अंगाचं तापमान मिळवते आणि आकडा दाखवते. स्वतःचं अंगच तिला नीट मोजता आलं नाही, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. आणि हा हिशेब फार नाजूक असतो. अंग एका अंश सेल्सिअसनं तापलं, तर त्याची आच वाढते जेमतेम सव्वा टक्का. तुम्ही गन स्कूटीच्या डिक्कीतून काढून थेट कूलरच्या खोलीत आणली, की तिची बाहेरची खोळ निवते आणि पोट तापलेलंच राहतं. अशा गननं दाखवलेला आकडा कधी वर जातो, कधी खाली. एकाच कपाळावर तीनदा धरली तर तीन आकडे येतात, ते यामुळेच.

२०२१ च्या मे महिन्यात एका इस्पितळाच्या गेटवरून मला फोन आला होता. सहाच्या सहा गन बिघडल्यात, लवकर या, म्हणाले. गेलो तर टिनाच्या शेडखाली लोखंडी टेबल आणि त्यावर सहा गन ओळीनं मांडलेल्या. टेबलाला हात टेकवत नव्हता. दोन गनवर आकड्याऐवजी नुसतं "हाय" येत होतं, एक निरोगी शिपायाला १०२ दाखवत होती, एक ९४. माणसं रांगेत उभी, कुणाला परत पाठवत होते, कुणाला आत घेत होते. मी एकही स्क्रू उघडला नाही. सगळ्या गन आत ओसरीतल्या बाकावर ठेवल्या, अर्धा तास थांबलो, काचा पुसल्या. मग त्याच शिपायाच्या कपाळावर एकेक धरली. सहाही गन एकमेकींच्या अर्ध्या अंशाच्या आत बोलायला लागल्या. त्या सकाळी खरा ताप असलेले किती जण त्या शेडखालून निरोगी म्हणून आत गेले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

डबीतल्या कागदावर दोन वेगवेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात, तुमच्याही असतील, काढून बघा. एक वापराची, बहुतेक १० किंवा १५ ते ४० अंश सेल्सिअस. दुसरी ठेवण्याची, ५० किंवा ५५ पर्यंत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचनाही अशीच आहे: जागा १६ ते ४० अंशांच्या मधली हवी, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, ऊन आणि वारा नको, आणि गन त्या जागी १० ते ३० मिनिटं आधीपासून ठेवलेली हवी. आपल्या नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू झाला की वरच्या मजल्यावरची, कूलर नसलेली खोली दुपारी चाळिशी ओलांडते. म्हणजे गनच्या कागदाप्रमाणे त्या खोलीत ती वापरायचीच नसते. हवामान मोजणारी यंत्रंही उन्हात चुकतात. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ते यंत्र वेगळ्या जातीचं, अवरक्तचं नव्हे, पण उन्हात मोजणारं यंत्र तपासूनच घ्यावं लागतं, हे त्यालाही लागू.

मग घरी काय करायचं? गन स्वयंपाकघरात, खिडकीत, डिक्कीत ठेवू नका. ज्या खोलीत मोजायचं त्याच खोलीच्या कपाटात तिची जागा करा. मुलगा बाहेरून आला की दुपट्टा-टोपी काढा, पाणी द्या, पन्हं द्या, आणि सावलीत वीस मिनिटं ते अर्धा तास बसू द्या, पण कूलरच्या थेट झोतात नको. कपाळ कोरड्या फडक्यानं टिपा. तेल, पावडर, टिकली, चंदन असेल तर पुसून काढा आणि पाच मिनिटं थांबा. मग कपाळाच्या मधोमध, दोन-तीन बोटं अंतरावर, सरळ समोरून धरा. तिरकी धरली किंवा लांबून धरली तर केस आणि मागची भिंतही मोजली जाते. तीनदा मोजा. तीन आकडे जवळजवळ असतील तरच विश्वास ठेवा. गनच्या तोंडाची काच महिन्यातून एकदा इअरबडला किंचित स्पिरिट लावून पुसा आणि वाळू द्या. तिच्यावर बोटाचा ठसा असला तरी आकडा कमी येतो.

आणखी एक बटण बघून घ्या. बहुतेक गनमध्ये माणसासाठी आणि वस्तूसाठी अशा दोन पद्धती असतात. लेकरं खेळता खेळता ती बदलून टाकतात. वस्तूच्या पद्धतीत निरोगी माणूसही ९३-९४ दाखवतो, कारण तिथे गन काही मिळवत नाही, नुसती कातडी मोजते.

एक काम मात्र आवर्जून करा. पुढचे चार-पाच दिवस सकाळी, घरातले सगळे बरे असताना, त्याच खोलीत प्रत्येकाचा आकडा घ्या आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. संध्याकाळचाही एकदा घ्या. शरीर पहाटे सगळ्यात गार असतं आणि दुपार टळल्यावर अर्धा-एक अंश वर असतं. मग तुमच्या गनचा तुमच्या मुलासाठीचा "बरा आकडा" तुम्हाला कळेल. ताप आहे की नाही, हे त्याच्याशी ताडून पाहा.

महागाची गन घेऊ नका. ऊन, घाम आणि कूलर तिलाही तितकेच लागू आहेत. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून काखेत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर आणा. गनवर शंका आली की निवाडा त्याच्याकडे न्यायचा. काखेतला घाम पुसायचा, हात दोन-तीन मिनिटं अंगाशी मिटून ठेवायचा, मग टोक काखेच्या खोलगट भागात लावायचं. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतो. ताप धरायची रेघ १००.४ मानतात. पण काखेत ९९ ते १०० असेल आणि लेकरू मलूल असेल, तर ताप आहे असंच धरून चला.

नागपूरच्या उन्हाळ्यात या थर्मामीटरचीही एक अडचण आहे, ती दुसरीकडे कुणाला सुचणारही नाही. हा थर्मामीटर सर्वात वर चढलेला आकडा धरून ठेवतो. टेबलावर पडूनच तो ४२-४३ अंशांना, म्हणजे १०८-१०९ ला तापलेला असेल, तर काखेत गेल्यावर खाली यायचं विसरतो. आमच्या लहानपणी पाऱ्याच्या थर्मामीटरला आई आधी माठाच्या पाण्यात बुडवायची, मग झटकायची. डिजिटललाही तसंच करा. टोक गार पाण्यात अर्धा मिनिट धरा, पुसा, मगच बटण दाबा. जुना पाऱ्याचा असेल तर उन्हात ठेवू नका, तापून फुटतो आणि पारा विषारी आहे.

आता एक गोष्ट अशी, जिथे गन, काख, आकडा सगळं बाजूला ठेवायचं. उन्हातून आलेलं माणूस, लहान असो की म्हातारं, असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खात असेल, झटका आला, हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर तो उष्माघात समजा. त्यात शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ च्या वर गेलेलं असतं. पण अंग घामानं भिजलेलं असेल तर कपाळावरची गन ९९ सुद्धा दाखवेल. तिच्या भरवशावर दहा मिनिटंही घालवू नका. १०८ ला फोन करा. तोवर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि तापाचं औषध देऊ नका. तापात शरीर स्वतःच आपल्या तापमानाची ठरलेली रेघ वर सरकवतं, औषध ती खाली आणतं. उष्माघातात रेघ जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. तिथे औषधाचा उपयोग नाही, पाणी आणि वाराच लागतो.

राहिला गेटवरचा चौकीदार. त्याच्यावर रागावू नका, त्याच्या हातात गन दिली आणि उन्हात उभं केलं, बाकी कुणी काही शिकवलं नाही. वर्गाच्या बाईंना भेटा आणि तीन गोष्टी मागा. गन गेटवर नको, आत सावलीतल्या व्हरांड्यात ठेवा. मुलं आली की दप्तर ठेवून दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसू दे, कपाळं पुसू दे, मग मोजा. आणि ज्याचा आकडा वर येईल त्याला परत पाठवण्याआधी काखेत लावून बघा. काखेतला थर्मामीटर त्यांच्याकडे नसेल तर तुमच्यासाठी आणताना त्यांच्यासाठीही एक आणा. टोक गार पाण्यात धरायचं तेवढं चौकीदाराला स्वतः दाखवून द्या.